थेंब पडतो तिथे गळती नसते

गिअरबॉक्समधले तेल एकाच वेळी तीन कामे करते. फिरणाऱ्या दात्यांच्या आणि बेअरिंगच्या मध्ये ते पातळ थर धरते आणि धातूला धातूवर घासू देत नाही. घर्षणातून निघालेली उष्णता उचलून ते बाहेरच्या कवचापर्यंत किंवा कूलरपर्यंत नेते. झिजेतून सुटलेले बारीक कण वाहून नेऊन तळाशी बसवते. गिअरबॉक्स स्वयंचलित असेल तर तेलावर आणखी दोन कामे येतात: टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे पोचवायची आणि दाबाखाली क्लचच्या प्लेटा आवळून धरायच्या. त्यामुळे तेल कमी पडल्याचा परिणाम दोन प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये वेगवेगळा दिसतो. साध्या गिअरबॉक्समध्ये आधी आवाज वाढतो, मग बेअरिंग तापते आणि शेवटी दाते खचतात. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये दाब पडतो, क्लच घसरू लागतात आणि घसरत असतानाच जळतात. दोन्हीकडे सुरुवात मात्र एकाच गोष्टीने झालेली असते, ती म्हणजे दुर्लक्षित राहिलेली बारीक गळती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यात असंख्य माणसांची रोजी या गिअरबॉक्सवर चालते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या माजरी क्षेत्रातल्या उघड्या खाणींत डंपर रात्रंदिवस माती आणि कोळसा उपसतात. खाणीतून रेल्वे सायडिंगकडे जाणाऱ्या टिपरांची रीघ लागलेली असते. तालुक्याच्या जंगलाकडच्या बाजूला मोहर्लीच्या गेटवरून ताडोबाच्या सफारीची वाहने आत शिरतात आणि त्यांत मारुतीच्या जिप्सीने वर्षानुवर्षे काम केले आहे. १९८५ साली बाजारात आलेली ही जिप्सी भारतातल्या मोटार रॅलींचीही आवडती गाडी होती. त्यामुळे शर्यतीच्या गाडीला छळणारी गिअरबॉक्सची गळती आणि भद्रावतीच्या गॅरेजमध्ये येणारी गळती यांत फरक फक्त वेगाचा आणि वजनाचा आहे. शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत तीच आहे.

थेंबांचा हिशेब

तेलाचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. दर दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल, तर तासाला १८ मिलिलिटर आणि चोवीस तासांत सुमारे ४३० मिलिलिटर तेल जाते. जिप्सीचा गिअरबॉक्स आणि त्याच्यामागे वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस या दोन्हींत मिळून तेल जेमतेम दोन लिटर असते. म्हणजे या गतीने गळणारी जिप्सी पाच दिवस सलग चालली तर दोन्ही पेट्या कोरड्या पडतील. मोठ्या डंपरमध्ये तेलाचा साठा कितीतरी जास्त असतो, म्हणून तिथे तीच गळती महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हा दहा-बारा लिटर तेल खाणीतल्या हॉल रोडच्या मातीत गेलेले असते.

चंद्रपूर भागातला उन्हाळा या हिशेबात भर घालतो. मे महिन्यात इथला पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो. भरलेला डंपर खाणीच्या तळातून चढणीवर येताना गिअरबॉक्समधले तेल ९० अंशांच्या पुढे गेलेले असते आणि आसपासची हवा त्याला फारशी थंड करू शकत नाही. तेल तापले की पातळ होते. सकाळच्या थंड वेळी ज्या फटीतून ते झिरपतही नव्हते, तिथून ते दुपारी वाहू लागते. उष्णतेने रबरी सीलही लवकर कडक होते. आगीचा धोका तर सर्वांत मोठा. सैल झालेल्या होजमधून उडालेला तेलाचा फवारा एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपवर पडला तर तो पेट घेऊ शकतो. खाणीतल्या मोठ्या डंपरांवर स्वयंचलित आग शोधक व शामक यंत्रणा बसवली जाते, ती अशाच प्रसंगांसाठी.

तेल कुठून बाहेर पडते

गिअरबॉक्स ही बंद पेटी आहे, पण तिला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या जागा बऱ्याच आहेत आणि गळती बहुतेक वेळा त्यांपैकीच एका जागेची असते. पहिली जागा पुढची: इंजिनाकडून येणारा शाफ्ट किंवा टॉर्क कन्व्हर्टर जिथे आत शिरतो, तिथली ऑइल सील. दुसरी मागची: प्रोपेलर शाफ्टला जोडणारा शाफ्ट बाहेर येतो, तिथली सील. तिसरी गिअर टाकण्याच्या दांड्याची किंवा सिलेक्टर शाफ्टची छोटी सील. चौथी तळाचा ड्रेन प्लग, लेव्हल प्लग आणि त्यांचे वॉशर. पाचवी तळाचे पॅन आणि बाजूची झाकणे, म्हणजेच जिथे पॅकिंग बसते त्या सपाट जोडण्या. सहावी कूलरकडे जाणारे-येणारे होज आणि त्यांची टोके. सातवी स्पीड सेन्सर आणि वायरिंगचे जोड. इथे तेल तारेच्या आतून, धाग्यांच्या मधून चढत चढत दूरवर जाते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. आठवी ब्रिदर, म्हणजे पेटीला श्वास घेता यावा म्हणून वरच्या बाजूला ठेवलेले छोटे छिद्र. टिपरमध्ये नववी जागाही असते: बॉडी उचलणारा हायड्रॉलिक पंप चालवण्यासाठी गिअरबॉक्सच्या कुशीला लावलेला पीटीओ. या सगळ्यांशिवाय राहतो तो कवचालाच गेलेला तडा. दगडाचा मार, माउंटिंग सैल राहिल्याने बसलेले हादरे किंवा गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट ही त्याची नेहमीची कारणे.

यांतली गोंधळाची जागा पुढची. इंजिनाची मागची सील आणि गिअरबॉक्सची पुढची सील या दोन्ही एकाच बेल हाउसिंगच्या आत तोंडाला तोंड लावून असतात. दोन्हींचे तेल त्या हाउसिंगच्या तळाच्या एकाच छिद्रातून टपकते. खालून पाहणाऱ्याला दोन्ही गळत्या एकसारख्याच दिसतात. गिअरबॉक्स उतरवण्याचे दिवसभराचे काम करून सील बदलावी आणि नंतर कळावे की गळत इंजिन होते, असे होऊ नये म्हणून पुढची पायरी महत्त्वाची आहे.

आधी तेलाची ओळख

गळणारे द्रव कोणते हे ठरल्याशिवाय काम सुरू करू नये. गाडी सपाट जागी उभी करून खाली पांढरा पुठ्ठा किंवा कागद अंथरला की रात्रीतून उत्तर मिळते. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळेभोर असते. साध्या गिअरबॉक्सचे तेल जाडसर, मधाच्या रंगाचे असते आणि त्यात असलेल्या गंधकयुक्त घटकांमुळे त्याला उग्र, नाकात बसणारा वास येतो. कार आणि छोट्या गाड्यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल बहुधा लाल असते आणि जुने झाले की तपकिरी होते. हायड्रॉलिक तेल फिकट पिवळसर. कूलंट हिरवे किंवा गुलाबी, बोटांना चिकट आणि गोडसर वासाचे. ब्रेक ऑइल पाण्याने धुऊन निघते, इतर तेले निघत नाहीत. एसीचे पाणी तर पाणीच असते आणि उन्हाळ्यात कित्येक गाड्या त्या एका कारणाने गॅरेजमध्ये येऊन परत जातात.

कोळशाच्या भागात ही ओळख अवघड होते. गाडीखाली जमलेल्या बारीक काळ्या भुकटीत मिसळलेले कोणतेही तेल काळेच दिसते. म्हणून जमिनीवरचा डाग पाहून निष्कर्ष काढायचा नाही. लेव्हल प्लगच्या आतले ताजे तेल आणि गळणाऱ्या जागेचा ताजा थेंब असे दोन्ही पांढऱ्या टिपकागदावर शेजारी शेजारी घ्यायचे. भुकटी मध्यभागी अडकून राहते आणि स्वच्छ तेल भोवती वर्तुळाकार पसरते. त्या बाहेरच्या कड्याचा रंग खरा.

तेल चहासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरले आहे. ज्या कूलरमध्ये गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या पाण्याने थंड होते, तिथल्या आतल्या नळीला छिद्र पडले की बाहेर एकही थेंब न पडता दोन्ही द्रवे एकमेकांत मिसळतात. ही गळती दिसत नाही आणि म्हणूनच जास्त नुकसान करते. कूलंटमुळे स्वयंचलित गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटांवरचे कागदासारखे अस्तर सुटू लागते. नुसता कूलर बदलून अशी गाडी वाचत नाही, आतून धुऊन प्लेटाही तपासाव्या लागतात.

उगमाचा शोध

तेल वरून खाली येते, पंख्याच्या आणि धावण्याच्या वाऱ्याने मागे सरकते आणि फिरणाऱ्या शाफ्टवर पडले तर चहूकडे उडते. त्यामुळे थेंब जिथे पडतो ती जागा बहुतेक वेळा गळतीची शेवटची पायरी असते. उगम शोधायचा तर त्या जागेपासून वर आणि पुढे जायचे. जो ओला भाग सर्वांत वर आणि सर्वांत पुढे असेल, तिथून तपास सुरू होतो.

चालकाला विचारण्याची दोन मिनिटे फार मोलाची असतात. गळती गाडी चालू असतानाच होते की उभी असताना? गरम झाल्यावर होते की सकाळी थंड असताना? फक्त चालू असताना होणारी गळती दाबाच्या होजकडे किंवा फिरत्या शाफ्टच्या सीलकडे बोट दाखवते. उभ्या गाडीखाली साचणारे तेल पॅनचे पॅकिंग, ड्रेन प्लग किंवा तेलाच्या पातळीखालची एखादी सील सांगते. थंड असताना गळून गरम झाल्यावर थांबणारी गळती म्हणजे बहुधा कडक झालेले रबर, कारण तापल्यावर ते थोडे मऊ होऊन पुन्हा चिकटते. तेल अलीकडे कोणी टाकले, कोणते टाकले आणि किती टाकले, हेही याच वेळी विचारून घ्यावे. जास्त भरलेले तेल दात्यांनी घुसळून त्याचा फेस होतो आणि तो ब्रिदरमधून बाहेर येतो. तिथे सील निर्दोष असते.

यानंतर पातळी पाहायची. साध्या गिअरबॉक्सची पातळी गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि तेल थंड असताना पाहतात. लेव्हल प्लग काढला की तेल छिद्राच्या काठाशी असावे. स्वयंचलित गिअरबॉक्सची पातळी बहुतेक बनावटींत तेल गरम आणि इंजिन चालू असताना पाहायची असते. दोन्हींची गल्लत झाली की तेल कमी किंवा जास्त भरले जाते आणि नवीच अडचण उभी राहते.

मग सफाई. घाणीने माखलेल्या गिअरबॉक्सवर गळती शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. डिग्रीझर मारून, ब्रशने घासून, पाण्याने धुऊन आणि हवेने वाळवून पेटी धातूचा रंग दिसेल इतकी स्वच्छ करायची. पाण्याचा जोरदार झोत मात्र ब्रिदर, सीलचे ओठ आणि वायरिंगचे जोड यांवर थेट मारायचा नाही, नाहीतर धुतलेले पाणीच आत जाते. वाळलेल्या पेटीवर संशयित जागांभोवती टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरवली की काम सोपे होते. गाडी चालवून तेल गरम करून आणायची, मग टॉर्च आणि दांड्याचा आरसा घेऊन खाली जायचे. पांढऱ्या पावडरीवर ओलसर रेघ जिथून सुरू होते, तिथे उगम असतो.

एवढ्यानेही सापडले नाही तर दोन उपाय आहेत. पहिला, तेलात चमकणारा रंग मिसळणे. गाडी काही तास चालवल्यावर अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली आणि पिवळ्या चष्म्यातून पाहिले की ताजे तेल हिरवट-पिवळे चमकते, जुनी घाण चमकत नाही. दुसरा, हवेचा दाब. ब्रिदरच्या जागी नळी लावून पेटीत अगदी हलका, सुमारे ०.२ बार इतकाच दाब द्यायचा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे येतील तिथे फट. टायरला मारतात तसा दाब चुकूनही द्यायचा नाही, कारण चांगल्या सील जागेवरून निघून येतात आणि एकाच्या जागी चार गळत्या तयार होतात.

हे सगळे करताना माणूस गाडीखाली असतो हे विसरता येत नाही. चाकांना उट्या, पार्किंग ब्रेक, किल्ली काढून ताब्यात आणि मोठ्या यंत्रावर काम चालू असल्याची पाटी, एवढे झाल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. टिपरची बॉडी उचललेली असेल तर ती नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर ठेवायची नाही. आधाराची दांडी किंवा पिन लावूनच हात आत घालायचा. दाबाखालच्या होजमधली फट हाताने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहायची. बारीक छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीच्या आत शिरते आणि अशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

सील का जाते

गळणारी जागा सापडली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे ती का गळते ते पाहणे. तिथे घाई झाली की नवी सील महिन्याभरात पुन्हा गळू लागते आणि दोष सीलच्या कंपनीला लागतो.

फिरत्या शाफ्टची सील जवळून पाहिली तर तिचे काम किती नाजूक आहे ते कळते. धातूच्या कड्यावर रबर चढवलेले असते. त्याचा आतला ओठ शाफ्टला पाव मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या पट्टीतच टेकतो. ओठाच्या पाठीमागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते आणि ती ओठाला शाफ्टवर दाबून धरते. ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा काही मायक्रॉनचा थर राहावा लागतो. तो नसेल तर रबर जळते, जाड झाला तर गळते. पहिले कारण धूळ. या ओठाखाली कोळशाची आणि मुरमाची धूळ शिरली की ती रबरात रुतून बसते आणि पॉलिश पेपरसारखी शाफ्टला घासत राहते. काही महिन्यांत शाफ्टवर सीलच्या जागी चकचकीत गोल चर पडतो. नख आडवे फिरवले की तो लागतो. अशा शाफ्टवर कितीही महाग सील बसवली तरी ती टिकत नाही. इलाज दोन: नवी सील आत किंवा बाहेर किंचित सरकवून तिचा ओठ कोऱ्या जागी आणायचा, किंवा चरावर स्टेनलेस स्टीलची पातळ बाही चढवायची.

दुसरे कारण बेअरिंग. मागच्या शाफ्टला हाताने वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंग किंवा बुश झिजले आहे. शाफ्ट केंद्र सोडून नाचत असेल तर ओठ त्याच्यामागे धावू शकत नाही. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस घासलेला असेल किंवा शाफ्टचा तोल बिघडला असेल तरी हेच होते. तिथे सील हे लक्षण आहे, आजार दुसरीकडे आहे.

तिसरे कारण ब्रिदर आणि भद्रावतीच्या धुळीत ते सर्वांत आधी तपासावे असे आहे. ३० अंशांवरच्या हवेने भरलेली पेटी ९० अंशांपर्यंत तापली आणि ब्रिदर पूर्ण बंद असला, तर आतल्या हवेचा दाब सुमारे २० टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ ०.२ बारने वाढतो. त्यातच तेल फुगून हवेची जागा कमी करते, तो दाब वेगळा. साध्या ओठाच्या सीलची सहनशक्ती साधारण ०.३ बारपर्यंतच असते. कोळशाच्या भुकटीत तेल मिसळून ब्रिदरच्या तोंडावर कडक थर बसला की चांगल्या सीलमधूनही तेल ढकलले जाते. अशा गाडीत मागची सील बदलली तर पुढची गळते, पुढची बदलली तर सिलेक्टरची. दोष मात्र काही रुपयांच्या ब्रिदरचा असतो आणि डिझेलमध्ये धुऊन, हवा मारून तो मोकळा होतो.

उलट बाजूने होणारे नुकसान सफारीच्या आणि रॅलीच्या गाड्यांमध्ये दिसते. तापलेला गिअरबॉक्स घेऊन गाडी नाल्याच्या पाण्यात उतरली की पेटी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रिदरमधून किंवा जुन्या सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढले जाते. म्हणून रॅलीच्या गाड्यांत ब्रिदरला रबरी नळी जोडून तिचे टोक उंचावर नेतात. कच्च्या रस्त्यावर नाले ओलांडणाऱ्या कोणत्याही जीपला हा उपाय लागू पडतो आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

चौथे कारण टिपरवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखे. गिअरबॉक्स ब्रिदरमधून तेल मारतो, सील बदलून झाल्या, ब्रिदर साफ झाला, तरीही गळती चालूच. लेव्हल प्लग उघडला की तेल कमी असायच्या ऐवजी भळाभळा बाहेर येते आणि ते पातळही असते. याचा उगम पीटीओवर बसवलेल्या हायड्रॉलिक पंपाच्या शाफ्टच्या सीलमध्ये असतो. ती गेली की बॉडी उचलण्याचे तेल पंपातून गिअरबॉक्समध्ये उतरते, तिथली पातळी वाढते, घट्ट गिअर ऑइल पातळ होते आणि जादा झालेले तेल ब्रिदरमधून बाहेर पडते. बाहेरून ही गिअरबॉक्सची गळती दिसते, प्रत्यक्षात गळत असतो पंप. हायड्रॉलिक टाकीची पातळी उतरते आहे का, एवढे पाहिले की निदान होते. पंपाची सील बदलावी लागतेच, शिवाय गिअरबॉक्सचे भेसळ झालेले तेल पूर्ण काढून नवे भरावे लागते.

दुरुस्ती

मागची सील बदलताना प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर खूण करतात, म्हणजे तो होता तसाच परत बसतो आणि तोल बिघडत नाही. जुनी सील उपसताना पेचकस शाफ्टला किंवा घराच्या आतल्या भिंतीला लागता कामा नये. तिथे पडलेला एक ओरखडा पुढची गळती ठरतो. घर पुसून कोरडे करायचे, शाफ्टवरच्या बारीक कडा गुळगुळीत करायच्या. नव्या सीलच्या ओठाला त्याच गिअरबॉक्सचे तेल लावायचे, कारण कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो. शाफ्टला स्प्लाइन असतील तर त्यांच्यावर टेप गुंडाळायची, म्हणजे धारदार कडेवरून सरकताना ओठ कापला जात नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, सीलच्या मापाच्या गोल ठोक्याने ती सर्व बाजूंनी सारखी आत बसवायची. हातोडीचे ठोके एकाच कडेला मारले की सील तिरकी बसते.

सीलचे रबर कोणते, यालाही महत्त्व आहे. नेहमीचे नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपासपर्यंत चांगले काम करते. त्याहून जास्त तापणाऱ्या जागी फ्लोरो रबराची सील लागते. ती सुमारे २०० अंशांपर्यंत टिकते आणि महाग असते. माप जुळते म्हणून कोणतीही सील घेतली तर उन्हाळा तिचा निकाल लावतो.

पॅनच्या पॅकिंगमध्ये चूक होते ती आवळण्यात. गळते म्हणून बोल्ट जास्त आवळले की पत्र्याचे पॅन छिद्रांपाशी वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट वाढते. पॅनची कड सपाट आहे का ते पट्टी लावून पाहावे, वाकलेली असेल तर ठोकून सरळ करावी, जुन्या पॅकिंगचा कण न कण खरवडून काढावा आणि बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. सिलिकॉन लावायचे तर बारीक अखंड रेघ पुरे. जाड थर दाबला गेला की त्याचे तुकडे आत पडतात, जाळीत अडकतात आणि पंपाला तेल मिळेनासे होते. काही बोल्टांची छिद्रे पेटीच्या आरपार जातात. तिथे आट्यांमधूनच तेल बाहेर येते, म्हणून त्या बोल्टांना आट्यांवर सीलंट लावावे लागते. ड्रेन प्लगचा आणि होजच्या बँजो बोल्टचा तांब्याचा वॉशर एकदा दाबला की त्याचा मऊपणा संपतो, म्हणून तो दर वेळी नवा टाकावा.

तड्यावर एम-सील किंवा इपॉक्सी लावून गाडी गावापर्यंत नेता येते, तेवढाच त्याचा उपयोग. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचा तडा कायमचा बुजवायचा तर पेटी खोलून, तेलाचा अंश न ठेवता साफ करून, जाणत्या वेल्डरकडून टिग वेल्डिंग करून घ्यावे आणि बेअरिंगची घरे वाकली नाहीत ना ते मोजून पाहावे. गळती थांबवण्यासाठी तेलात टाकायची औषधे रबर फुगवतात. कडक झालेली सील त्यामुळे काही दिवस धरते, पण चर पडलेल्या शाफ्टला किंवा बंद ब्रिदरला त्यांचा काही उपयोग नाही.

भरायचे तेल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच हवे. जीएल-५ दर्जाच्या तेलात जास्त दाबासाठी घातलेले घटक काही साध्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत, तिथे जीएल-४ सांगितलेले असते. जास्त चांगले म्हणून जीएल-५ भरणे हा गैरसमज आहे.

शर्यतीच्या मैदानावर

शर्यतीत गळतीचा अर्थ बदलतो. तिथे गिअरबॉक्सच्या आयुष्याइतकाच मागून येणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. टायरखाली आलेले थोडेसे तेल वळणावर गाडी फेकून देते. मैदान निसरडे असल्याचा इशारा देण्यासाठी पिवळ्या-लाल पट्ट्यांचा वेगळा झेंडाच आहे. गाडीत धोकादायक बिघाड झाला की नारिंगी ठिपक्याचा काळा झेंडा आणि गाडीचा क्रमांक दाखवून चालकाला पिटमध्ये बोलावतात. सांडलेले तेल शोषून घेण्यासाठी रस्त्यावर सिमेंटची किंवा शोषक पूड टाकली जाते आणि तोपर्यंत शर्यत मंदावते किंवा थांबते.

म्हणून शर्यतीच्या गाडीत गळती होऊच नये अशी आधीच व्यवस्था करतात. ब्रिदरची नळी एका छोट्या डब्यात सोडतात, म्हणजे फेस झालेले तेल रस्त्यावर न पडता डब्यात साचते. प्रत्येक शर्यतीनंतर त्या डब्यातले तेल मोजले की गिअरबॉक्सच्या आत काय चालले आहे त्याचा अंदाज येतो. बोल्टांना छिद्रे पाडून तार बांधतात, हादऱ्याने ते सुटू नयेत म्हणून. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांमध्ये तर गळतीची परीक्षाच असते. गाडी एका टेबलावर चढवून ६० अंशांपर्यंत तिरकी केली जाते आणि त्या स्थितीत एकही थेंब पडलेला चालत नाही. या जातीची भारतातली स्पर्धा, फॉर्म्युला भारत, कोइंबतूरच्या कारी मैदानावर भरत आली आहे आणि तिथे उतरणाऱ्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना सील, वॉशर आणि ब्रिदर यांचे धडे या तिरक्या टेबलावर मिळतात.

शर्यतीच्या पिटमधली घेण्यासारखी सवय म्हणजे दर फेरीनंतर गाडीखाली नजर टाकणे. खाणीच्या शिफ्टला किंवा सफारीच्या फेरीला तीच सवय लावली तर बहुतेक गळत्या थेंबांच्या अवस्थेतच सापडतात.

दुरुस्तीनंतर

नवी सील बसवली आणि तेल भरले म्हणून काम संपत नाही. गाडी गरम होईपर्यंत चालवून पातळी, ज्या त्या गिअरबॉक्सच्या रीतीने, पुन्हा पाहावी लागते, कारण कूलर आणि होज भरताना काही तेल तिकडे जाते. त्याच दिवशी पावडर लावून एकदा आणि आठवड्याभराच्या कामानंतर पुन्हा एकदा तीच जागा तपासावी. बोल्टांवर रंगाची रेघ ओढून ठेवली की सैल झालेला बोल्ट लांबूनही ओळखता येतो. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला किंवा किती तासांच्या कामाला कोणती सील बदलली, तेल किती आणि कोणते भरले, शाफ्टवर चर होता का, ब्रिदर कसा होता, हे वहीत लिहून ठेवावे. एकाच जागची सील वर्षात दुसऱ्यांदा गेली तर ही नोंदच सांगते की सील बदलत बसण्यापेक्षा बेअरिंग उघडायला हवे.

काढलेल्या तेलाचाही हिशेब ठेवावा लागतो. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते नाल्यात, मातीत किंवा रस्त्यावरची धूळ बसवण्यासाठी ओतता येत नाही. भद्रावती तालुक्यातले नाले वर्धा नदीकडे जातात आणि त्याच पाण्यावर गावे, शेती आणि जंगलातली जनावरे जगतात. झाकणाच्या पिंपात साठवून, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू न देता, परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे ते सोपवायचे. गळालेल्या तेलावर टाकलेला भुसा किंवा वाळू, तेलकट चिंध्या आणि जुने फिल्टर यांनाही तोच नियम लागू आहे.